उभी गाडी तापते

बुद्धपौर्णिमेच्या दिवशी प्रल्हाद शहारे माझ्या गाडीत वारला. गाडी मी चालवत होतो. तो मागच्या सीटवर बसला होता आणि त्याच्या शेजारी एका विहाराचं मॉडेल होतं. मॉडेल बोदलकशाजवळच्या एका गावाला पोचवायचं होतं. ते पोचलं.

त्याला आता काही आठवडे झाले. शेतांमध्ये धानाच्या रोपांचे पऱ्हे वर आले आहेत, रोवणीची बोलणी सुरू झाली आहेत. पुरवणीसाठी प्रल्हादवर लिहाल का, असं विचारणारा फोन आला तेव्हा मी आधी नाही म्हणालो. मित्र गेल्यावर जे लिहितात तसं मला लिहिता येणार नव्हतं. तो मोठा कारागीर होता, हसतमुख होता, हे सगळं खरं आहे आणि ते इतरांनी सांगितलंही. मला जे सांगायचं होतं ते वेगळं होतं, आणि ते लिहिण्याआधी एका माणसाला तोंडी सांगणं भाग होतं. ते आता सांगून झालं आहे, म्हणून लिहितो.

प्रल्हाद पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचा. मी गोंदियातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. तो मुर्रीला राहायचा, मी कुडव्याला. आमची ओळख झाली ती एका पुस्तकामुळे. एके दिवशी तो ग्रंथालयात आला आणि वास्तुकलेवरचं एक जाडजूड पुस्तक मागितलं. ते पुस्तक आल्यापासून कुणी उघडलं नव्हतं. मला फार आनंद झाला. नियम थोडा वाकवून मी ते त्याला घरी नेऊ दिलं. दोनेक दिवसांत त्याने ते परत आणलं. मी विचारलं, "इतक्यात वाचून झालं?" तो म्हणाला, "वाचलं नाही जी. दाबाले पायजे होतं. पुठ्ठा वाकडा होऊन राहिला होता. एवढं सपाट आन् एवढं जड गोंदियात दुसरं काही भेटलं नाही." मी तिथल्या तिथे त्याला पुस्तकं कशी वापरावीत यावर बरंच ऐकवलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "चुकलं गुरुजी." मी आयुष्यात कधी वर्गावर शिकवलं नाही, पण त्या दिवसापासून त्याच्यासाठी मी गुरुजी झालो. पुढे त्याच्या घरच्यांसाठी आणि निम्म्या मुर्रीसाठीही.

त्याची मॉडेलं ज्यांनी पाहिली त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की तलाव, कालवे, दरवाजे, शाळा, समाजमंदिरं, गावात जे काही बांधलं गेलं होतं किंवा बांधायचं मनात होतं, ते तो आधी टेबलावर मावेल एवढं बांधून दाखवायचा. पुठ्ठा, बांबूच्या बारीक कामट्या आणि लाख. बाजारातल्या डिंकाचे पांढरे डाग राहतात म्हणून जोड तो लाखेने द्यायचा. दिव्यावर लाख तापवायची, कामटीच्या टोकाला टेकवायची, फुंकर मारायची. दिसायला ते फार सुंदर दिसे. तांबूस, चमकदार थेंबासारखा जोड. पण लाखेची खोड अशी की ती उन्हात मऊ पडते. आणि आपल्याकडचा उन्हाळा कसा असतो ते वेगळं सांगायला नको. बंद काचांची गाडी मे महिन्यात थोडा वेळ उन्हात राहिली, तर आत हात ठेवता येत नाही. तिथे लाखेचं काय होणार?

झालंही तसंच. एका शाळेसाठी त्याने तलावाचं मॉडेल केलं होतं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आंब्यांची रांग असलेलं. ते ऑटोने निघालं. ऑटोवाल्याने वाटेत सवारीसाठी गाडी उन्हात उभी केली आणि तो चहाला गेला. शाळेत पोचेपर्यंत आंब्याची सगळी झाडं पाण्याकडे झोपली होती. हेडमास्तरांनी बराच वेळ पाहून विचारलं म्हणे, "वादळ दाखवलं का शहारे?" त्याच संध्याकाळी प्रल्हाद माझ्या दारात आला.

"गुरुजी, तुमची गाडी काय करून राहिली?"

"काही नाही. उभी आहे."

"उभी गाडी तापते," तो म्हणाला. "तिले कामाले लावू."

तेव्हापासून त्याचं प्रत्येक मॉडेल माझ्या गाडीतून गेलं. त्यासाठी त्याने माझी गाडीही आपल्या पद्धतीने लावून घेतली. मागच्या सीटवर धानाच्या तुसाचं अर्धवट भरलेलं पोतं पसरायचं, ते हाताने थापटून सपाट करायचं, त्यावर फळी आणि फळीवर मॉडेल. खड्डा आला की तूस दबतं, फळी हलत नाही. मॉडेलवर बांबूची चौकट आणि तिच्यावर पांढरं पातळ कापड, मॉडेलला न टेकणारं. डिकीत कधीच ठेवायचं नाही, तिथे वारा नाही. निघायचं ते उजाडायच्या आत. काचा चार बोटं उघड्या. त्याहून जास्त नाही, नाहीतर धूळ येते. आणि सगळ्यात मोठा नियम, मध्ये थांबायचं नाही. चहाला नाही, पाण्याला नाही, ओळखीचा माणूस दिसला तरी नाही. चालत्या गाडीत वारा खेळतो, उभी गाडी भट्टी होते. पोचल्यावर आधी मॉडेल उतरवायचं, मग माणसांनी उतरायचं. प्रल्हाद स्वतः मॉडेलच्या शेजारी बसायचा, तोही नेहमी ज्या बाजूने ऊन येत असेल त्या बाजूला, म्हणजे सावली त्याच्या अंगाची पडायची. वळणावर एक हात फळीवर. मी आरशातून पाहायचो. आजारी लेकरू दवाखान्यात नेणारी माणसं अशीच बसतात.

मी हळू चालवायचो म्हणून तो मला पसंत करायचा. तसं कौतुक त्याने कधी केलं नाही. "तुमी वाचता लय गुरुजी, पन समोरचा गड्ढा काही वाचत नाही," हे मात्र प्रत्येक फेरीत एकदा तरी असायचं. मीही त्याला म्हणायचो की एवढा जीव लावून केलेल्या वस्तूला तू असा जोड देतोस जो सूर्य पाहिला की विरघळतो, हे कुठलं शहाणपण? त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं. "दिसते कसं, ते पाहा ना जी."

मी नवीन गाडी घेतली तिच्यात एसी होता. मला वाटलं, आता प्रश्न मिटला. पहिल्याच फेरीत एसी लावून आम्ही एक ग्रामपंचायतीची इमारत आमगावकडे नेली. दोघेही खूश होतो, गाडीत गारवा होता, प्रल्हादने एक डुलकीसुद्धा काढली. उतरवून मांडवात ठेवली आणि बाहेरची झळ लागताच पुढच्या खांबांचे जोड तडतडले. अगदी आवाज आला. लाख थंडीत कडक होते, उन्हात लोळते, आणि एकदम इकडून तिकडे नेली तर तडकते, असा त्याने निष्कर्ष काढला. त्यानंतर माझ्या गाडीत मॉडेल असताना एसी कधी लागला नाही. आता, इतक्या उशिरा, मी या विषयावर जे मिळेल ते वाचलं आहे. नाजूक वस्तूला गारवा बाधत नाही, अचानक झालेला बदल बाधतो, असं जाणकार म्हणतात. गाडी आधीपासून माफक गार करावी, वस्तू झाकावी, झोत दुसरीकडे वळवावा, पोचायच्या आधी थोडा वेळ एसी बंद करून काचा उघडाव्यात, म्हणजे वस्तूला बाहेरची हवा सावकाश लागते. एवढंच करायचं होतं. मॉडेल आणि माणूस, दोघेही नीट पोचले असते. मी ग्रंथपाल होतो आणि हे मी तेव्हा वाचलं नाही, कारण प्रल्हादला ते माहीत असणार असं मी धरून चाललो.

यंदा उन्हाळा लागता लागता तो रोज दुपारी माझ्याकडे यायला लागला. बोदलकशाजवळच्या त्या गावाला नवीन विहार बांधायचा होता आणि बुद्धपौर्णिमेला सगळ्या गावासमोर मॉडेल ठेवायचं ठरलं होतं. प्रल्हादच्या आईचं ते माहेर. लहानपणी त्याने तिथला जुना विहार पाहिलेला, कुडाच्या भिंतींचा. नव्या विहाराचा घुमट कामट्यांचा, एकावर एक फेर असलेला, आत पाहिलं तर डोकं गरगरेल असा त्याने मनात घेतला होता. "माझ्या घरी कूलर बिघडला," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला आणि माझ्या बैठकीत पसारा मांडून बसला. त्याची बायको, शकुंतलावहिनी, अंगणवाडीत असतात. मुलगी प्रज्ञा नागपूरला नोकरीला. घरात एकट्याने बसण्यापेक्षा इथे बरं, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला त्याहून जास्त वाटलं. सेवेतून निवृत्त झाल्यावर माणसांकडे आपलं येणं-जाणं कमी होतं, आणि या माणसाला एवढं मोठं काम माझ्या सोबतीने करावंसं वाटतं, याचा मला अभिमान होता. मी वाचत बसायचो, तो कामट्या तासायचा. मध्येच तो थांबायचा, डोळे मिटायचा. "काय झालं?" "काही नाही. डोळे भरून आले, बारीक काम हाय." एकदा त्याने खिशातून एक लहानशी गोळी काढून जिभेखाली ठेवली. मी विचारलं. "पेपरमिंट होय. घेता काय?" असं म्हणून त्याने खिसा चाचपल्यासारखं केलं, आणि मग म्हणाला, "संपली बाप्पा."

मी हसलो होतो...

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी फोन केला, अंधारातच निघायचं ना, म्हणून. तो म्हणाला, "नाही जी, सकाळी इथं विहारात वंदना हाय. ते आटोपू द्या. ऊन चढल्यावर या." मला नवल वाटलं. नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तोंडावर आला होता आणि सकाळी आठलाच रस्ते ओस पडत होते. पण पौर्णिमा त्याची, विहार त्याचा. मी कशाला बोलू? मी गेलो तेव्हा तो पांढरे कपडे घालून दाराशी स्टुलावर बसला होता. चौकट, कापड, फळी, सगळं तयार. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"वहिनी कुठे आहेत?"

"विहारात गेली."

"आणि तू नाही गेलास?"

"माझा विहार हा काय," त्याने चौकटीकडे बोट केलं. "चला आता, नाहीतर परत येईन ते."

'परत येईन ते' याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "आज एसी लावतो. हे ऊन काही खरं नाही." तो म्हणाला, "लावा, आन् मंग घुमट पाहा." मी म्हणालो, "घुमटाला दुपट्टा गुंडाळू." तो म्हणाला, "गुरुजी, जलमभर पुस्तकं सांभाळली तुमी. पुस्तकाले एसी चालते. लाखेले नाही चालत." आम्ही तिरोड्याच्या रस्त्याला लागलो. ऊन मागच्या काचेतून येत होतं. तो काचेकडे पाठ करून तिरपा बसला आणि डोक्याचा दुपट्टा सोडून त्याने चौकटीवर टाकला. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. त्याने पाहिलं आणि खिशात ठेवला. "कोण?" "प्रज्ञा. जय भीम कराले करत असल. पोचलो की करतो." तो पुन्हा वाजला, पुन्हा वाजला, मग त्याने तो बंद केला. गंगाझरीच्या पुढे मी आरशात पाहिलं तर त्याचा सदरा पाठीला चिकटला होता आणि चेहरा राखेसारखा दिसत होता. मी म्हणालो, "सावली पाहून थांबतो. पाणी पी."

"नको जी. उभी गाडी तापते."

"दोन मिनिटं."

"चालू द्या गुरुजी. आता आलंच."

मी चालू दिलं. इतक्या फेऱ्यांमध्ये तो नियम माझ्या पायात भिनला होता. बोदलकशाच्या फाट्याला वळल्यावर एक खड्डा आला. तो म्हणाला, "हळू जी." त्यानंतर तो काही बोलला नाही. डोळे मिटलेले होते, हात फळीवर होता. मला वाटलं, डुलकी लागली.

गावात मांडव घातला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं गाडीभोवती आली, बायका काचेतून आत पाहू लागल्या. कुणीतरी दार उघडलं. नेहमीप्रमाणे आधी मॉडेल उतरवलं गेलं. ते नेत असताना मांडवातून लोकांचा एक आवाज आला, समाधानाचा. एकही कामटी हलली नव्हती. मग एक माणूस परत गाडीशी आला आणि त्याने प्रल्हादच्या खांद्यावर हात ठेवला. "शहारे साहेब... साहेब, उतरा ना जी..."

तिरोड्याच्या दवाखान्याकडे जाताना मी एसी लावला. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सांगितलं की हे वाटेतच, बऱ्याच आधी झालं आहे.

संध्याकाळपर्यंत प्रज्ञा नागपूरहून आली. मुर्रीच्या त्या घरात, बाप बैठकीत निजवलेला असताना, ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, तुमाले तर सगळं माहीत होतं ना?" मी विचारलं, काय? "बाबाच्या हार्टचं. डॉक्टरनं दोन महिन्यांआधीच सांगितलं होतं, उन्हात बिलकुल काढू नका, दुपारी एकटं ठेवू नका. बाबा म्हणत होते, गुरुजीले सगळं सांगून ठेवलं आहे, म्हणूनच त्यांच्याकडे जातो, ते लक्ष ठेवतात. आई त्याच भरवशावर अंगणवाडीत जात होती. आज मॉडेल गुरुजी एकटे नेणार, मी घरीच आहे, असं सांगितलं त्यांनी आईला. आई विहारातून आली तं घर बंद. मी किती फोन केले... तुमी कायले नेलं त्यायले? त्यायनं जिद्द केली असल, समजते मले. पण तुमी नाही म्हणायचं होतं ना काका."

त्या खोलीत, त्या माणसासमोर, 'तो तुमच्याशी खोटं बोलत होता' असं त्याच्या मुलीला कसं सांगायचं? मी गप्प राहिलो आणि माझं गप्प राहणं म्हणजे कबुली, असा अर्थ तिने घेतला. कुणीही घेतला असता. पाहता पाहता तो अर्थ साऱ्या मुर्रीत गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. बोलायला उठलेल्या एका गृहस्थांनी माझं नाव न घेता म्हटलं, की जवळच्या माणसांनी थोडा विचार केला असता तर आज शहारे साहेब आपल्यात असते. बऱ्याच माना मागे वळल्या. वहिनींची वळली नाही. त्यांनी त्या दिवशी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी एकेक गोष्ट परत लावून पाहण्यात घालवले. पुस्तकं चुकीच्या कपाटात गेली की ती लावावी लागतात, तसं. बिघडलेला कूलर बिघडलेला नव्हता. पेपरमिंट पेपरमिंट नव्हती. वंदना आटोपायची होती ती वहिनी घराबाहेर पडाव्यात म्हणून. 'परत येईन ते' होतं तेही वहिनींबद्दलच. आणि त्या दुपारी, ज्यांचा मला अभिमान होता, त्या माझ्यासाठी नव्हत्या. त्याला गार खोली हवी होती, सोबत कुणीतरी असणं हवं होतं आणि घरी सांगायला एक नाव हवं होतं. मला न सांगता त्याने माझ्यावर आपली राखण सोपवली होती. राखणदाराला माहीत नाही की तो राखणदार आहे... सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मी पुष्कळ विचार करून पाहिलं. मी त्याला नेलं नसतं, एवढं नक्की. मॉडेल मी एकट्याने नेलं असतं, तुसावर, फळीवर, काचा चार बोटं उघड्या ठेवून. तेच त्याला नको होतं. माझ्या हातावर त्याचा भरवसा नव्हता, माझ्या नावावर मात्र होता.

मरणाऱ्या माणसाला क्षमा करावी असं सगळे सांगतात. त्याला त्या मांडवात उभं राहायचं होतं, आईच्या गावात, हे मला कळतं. त्याने जीव धोक्यात घातला तो त्याचा होता. पण त्याने माझाही काही भाग त्यात घातला आणि विचारलं नाही. वहिनींच्या नजरेतली माझी जागा त्याने वापरली, जशी आपण दुसऱ्याची सायकल नेतो.

लेखासाठी फोन आला तेव्हा मी नाही म्हणालो ते यामुळे. गोडगोड लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, आणि खरं लिहायचं तर आधी वहिनींशी बोलावं लागणार होतं. शेवटी एका दुपारी मी मुर्रीला गेलो. वहिनी नुकत्याच अंगणवाडीतून आल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. मी म्हणालो, "वहिनी, प्रल्हादने मला काही सांगितलं नव्हतं."

"काय नव्हतं सांगतलं?"

"दवाखान्याचं. उन्हाचं. काहीच नाही. मला प्रज्ञाकडून कळलं, त्या दिवशी."

त्यांचा हात थांबला. "रोज तं येत होते तुमच्याकडं."

"येत होता."

"मंग काय बोलत होते?"

"घुमटाबद्दल."

"घुमटाबद्दल..." त्या म्हणाल्या. हातातले तांदूळ त्यांनी सुपात सोडले. मग म्हणाल्या, "मले राग यायचा तुमचा. आधीपासून. वाटे, घरी एवढुसं बोलतेत, गुरुजीजवळ मन मोकळं करत असतील. बायकोले नाही, पन कोनाले तरी खरं सांगत असतील." त्या थोडं हसल्यासारखं करून म्हणाल्या, "म्हंजे तुमालेबी नाही."

"नाही."

"मी आजपावतो मनातल्या मनात तुमाले शिव्या देऊन राहिली जी."

"द्या."

"आता कायले देऊ? आन् ज्याले द्याच्या, तो निघून गेला."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुमचंच नाव काऊन घेतलं असल?" मी म्हणालो, "तुमचा माझ्यावर भरवसा होता, म्हणून."

"होता," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

मी उठलो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "पेपरात लिहा. लोकाईले वाटते तुमी नेलं. लिहा की तेच गेले, आपल्या मनानं गेले. प्रज्ञाले मी सांगीन. तुमी नका सांगू तिले, तिचा बाप होय."

त्यांनी प्रज्ञाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. तिचा फोन आलेला नाही. त्या गावाहून मात्र येतात. मॉडेल समाजमंदिरात काचेच्या पेटीत ठेवलं आहे, घुमट उत्तम आहे, धान निघालं की पाया खोदायचा आहे, तुम्ही या, असं ते सांगतात. मी अजून गेलो नाही.

वहिनी आता रस्त्यात भेटल्या की थांबतात, दोन शब्द बोलतात. पूर्वीसारखं ते नाही. दुपारी मी वाचायला बसतो तेव्हा बैठकीच्या फरशीवर लाखेचे काही थेंब दिसतात. खरवडले तर निघतील. मी खरवडलेले नाहीत आणि त्याचं कारण प्रेम आहे असंही म्हणणार नाही. मी प्रल्हादवर रागावलो आहे. आजवर घरात किंवा महाविद्यालयात कुणावर राग आला की मी तो प्रल्हादला सांगत असे, आणि तो कामटी तासता तासता ऐकून घेत असे. हा राग कुणाला तोंडी सांगितलेला नाही. तो माझ्याजवळ आहे.